मुळांचे भूमिगत सोबती

पोर्टो रिको हें कॅरिबियन समुद्रांतील बेट. पाइन वृक्ष हे कांहीं तेथील मूळचे रहिवासी नव्हेत. १९३० नंतरच्या काळांत ते तेथें लावण्याचे प्रयत्न पुनःपुन्हां झाले. बीं उगवे, रोपें वीतभर वाढत आणि मग पिवळीं पडून मरत. अखेर १९५५ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिनाच्या पाइनवनांतील माती आणून कांहीं रोपांच्या मुळांशीं घालण्यांत आली. तीं रोपें तरारलीं. ज्यांना ती माती मिळाली नाहीं, तीं बहुतेक मेलीं.

त्या मातींत असें काय होतें? याचें उत्तर १८८५ सालींच मिळालेलें होतें. ट्रफल नांवाच्या मोलाच्या अळंबीची लागवड करतां येईल काय, याचा शोध घेण्याचें काम प्रशियाच्या सरकारनें आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविलें होतें. तपासणी करतांना त्याला दिसलें कीं, वनवृक्षांच्या मुळांचीं टोकें बुरशीच्या तंतूंनीं वेढलेलीं आहेत, आणि तरीही वृक्ष निरोगी आहेत! बुरशी म्हणजे रोग, ही समजूत येथें लटकी ठरली. ‘बुरशी’ आणि ‘मूळ’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानें या जोडीस ‘मायकोरायझा’ असें नांव दिलें.

हा व्यवहार रोखठोक आहे. स्फुरद हें द्रव्य मातींत फारसें हलत नाहीं. मुळांलगतचा सांठा लवकरच संपतो. केसाहून बारीक असे बुरशीचे तंतु दूरवर पसरून तें आणून देतात. बुरशीला हरितद्रव्य नसतें. म्हणून पानांनीं तयार केलेल्या साखरेचा कांहीं वांटा वनस्पति तिला देते. जमिनींत स्फुरद मुबलक असेल, तर वनस्पति हा वांटा आंखडता घेते.

पाइन आणि ओक यांच्या मुळांवर बुरशीचें आवरण चढतें. ज्वारी, ऊस, आंबा यांच्या मुळांत मात्र ती पेशींत शिरून झाडासारख्या सूक्ष्म फांद्या फोडते. मोहरी व कोबी यांच्या कुळाला बहुधा हा शेजार लागत नाहीं. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथें सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे जीवाश्म सांपडले आहेत. त्यांना खरीं मुळें नव्हतीं; पण त्यांच्या पेशींत अशाच फांद्या आढळतात. म्हणजे ही सोबत मुळांहूनही जुनी!

तेव्हां रोप लावतांना खड्ड्याची वरची माती फेकून देऊं नये. ती मुळांशीं घालावी. रोपाचे सोबती तींतच वस्तीला असतात.