शनवार तेल्यांचा इतिहास
(कांजूरमार्ग येथील बैठकीत केलेले भाषण)



कांजूरमार्गाहून मुंबईकडे जाणारी आपली धिमी गाडी रोज मशीद स्टेशनावर उभी राहते. ही मशीद कोणाची, असा प्रश्न आपण कधी केला आहे काय? कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. समाजी हसाजी दिवेकर या त्यांच्यातील लष्करी अंमलदाराने १७९६ साली मांडवीत पहिले मंदिर बांधले. स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. उलट दिशेला ठाण्यास उतरा; तेथेही १८७९ साली उभारलेले त्यांचे मंदिर आहे.

हे लोक कोण? त्यांची परंपरा सांगते की, अलिबागेजवळ नवगावापाशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात बाया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे वंशजांनी कोकणात घाणे घातले, तेल गाळले. शनिवारी मात्र बैल जुंपला नाही; म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागला. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. आडनावेही गावांचीच: पेणकर, रोहेकर, नवगावकर.

आता ध्यानात घ्या. या लोकांपाशी ग्रंथ नव्हता, पंडित नव्हता. तरी शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता आणि खाण्याचे नियम त्यांनी सोडले नाहीत. डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी विद्वान कोकणात आला, तेव्हा त्याने बायांपुढे नाना जातींची मासळी ठेवली, अशी कथा आहे. पर आणि खवले असलेली मासळी त्यांनी वेगळी काढली, बाकीची नाकारली. त्यावरून त्याने आपली माणसे ओळखली. धर्म राखला तो चुलीपाशी बसलेल्या बाईने आणि घाण्यावरच्या तेल्याने!

पुढे हाईम सॅम्युएल केहीमकर या गृहस्थांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. परंतु तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव शहरी. तेव्हा लेखक हयात नव्हते. चाळीस वर्षे ते बाड पडून राहिले. आज जगभरचे विद्वान या समाजावर लिहितात, त्यांना केहीमकरांचे ग्रंथ उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

असा इतिहास लिहिण्याची गरज काय होती, ते पुढे दिसले. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायल देशी गेले. तेथील मुख्य धर्मगुरूंनी १९६२ साली हुकूम काढला की, यांचे लग्न लावण्यापूर्वी आई, आजी यांच्या वंशाची चौकशी करावी. ज्या आज्यांनी धर्म जगवला, त्यांच्याच शुद्धतेचा दाखला मागितला गेला! लोकांनी निकराचा लढा दिला आणि १९६४ साली त्या हुकुमातून त्यांचे नाव काढावे लागले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जनुके तपासली. त्यांत यहुदी व हिंदुस्थानी दोन्ही वंश ठळक आढळले.

पण खरे सांगावयाचे तर सारेच सांगावे. याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. गोरे काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार टाळीत. बाहेर ज्याला हिणवले, त्यानेही घरात कोणाला तरी खाली बसवलेच. हा रोग आपल्या ओळखीचा आहे.

महाराष्ट्रात आता हे लोक काही हजारच उरले आहेत. त्यांच्यापासून एवढे घ्या. घरी म्हातारी माणसे आहेत, तोवर त्यांना विचारा. आपला घाणा, माग, भाता, नांगर कोठून कोठे गेला, हे वहीत उतरवून ठेवा. आणि त्यात आपले दोषही लिहा. आपण लिहिले नाही तर दुसरा लिहील, आणि मग दाखलाही तोच मागेल.