घास अडतो तेव्हा

शहागडसारख्या गोदाकाठच्या गावात एखादे मूल जेवताना रेंगाळले, घासागणिक पाणी पिऊ लागले, कुस्करल्याखेरीज भाकरी गिळेनासे झाले, तर घरची वडीलधारी मंडळी त्यास हट्टी ठरवून मोकळी होतात. परंतु महिनोन्‌महिने हाच क्रम चालला, वारंवार उलट्या झाल्या, पोट दुखू लागले आणि वजन वाढेना, तर ती त्या लेकराची कैफियत समजून तिची रीतसर चौकशी झालीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अशा तक्रारींमागे कधीकधी अन्नाच्या वावड्यामुळे आलेली अन्ननलिकेची सूज असते. इओसिन नामक तांबड्या रंगाने रंगणाऱ्या ज्या श्वेतपेशींचे वर्णन पॉल एर्लिख यांनी 1879 साली केले, त्या इओसिनोफिल पेशी आतड्यात थोड्याफार असतातच. निरोगी अन्ननलिकेत मात्र त्या आढळत नाहीत. एखाद्या अन्नपदार्थास शरीर वैरी मानू लागले म्हणजे त्या तेथे ठाण मांडतात, अस्तर सुजते, आणि वर्षानुवर्षे हयगय झाल्यास नळी अरुंद होते. रक्तात त्या वाढलेल्या दिसल्या तर आपल्याकडे प्रथम जंतांचा संशय घेतात, तो रास्तच आहे. तथापि रक्त निर्दोष असूनही हा विकार असू शकतो, कारण खरा दाखला दुर्बिणीतून काढलेल्या अस्तराच्या तुकड्यांतच मिळतो.

अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा विकार असलेल्या 10 मुलांचे नेहमीचे अन्न थांबवून त्यांना केवळ अमिनो आम्लयुक्त पेयावर ठेवले, तेव्हा 8 जणांच्या तक्रारी पूर्णपणे शमल्या व उरलेल्या दोघांच्या कमी झाल्या. म्हणजे मूळ अन्नातच होते. संशयित पदार्थांत दूध अग्रभागी असते. मागोमाग गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे व मासे येतात. गहू वर्ज्य झाला तरी आपली ज्वारी-बाजरी शाबूत राहते, ही मराठवाड्याची केवढी सोय! अडचण येते ती दूध-दह्याची, आणि भाजीभाजीत पडणाऱ्या दाण्याच्या कुटाची. मात्र हे पथ्य डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच करावे, अन्यथा मूल कुपोषित होईल. काहींना आम्ल कमी करणारी वा गिळावयाची स्टेरॉइड औषधे लागतात, आणि इलाज लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा दुर्बीण करावी लागते.

घास अडकून लाळही गिळवेना, तर वरून केळे किंवा भाताचा गोळा मुळीच देऊ नये. मुलास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.