कलामहोत्सव आणि आपण : सेवा नव्हे, सहभाग

(तालुक्याच्या गावी, बुद्धविहारात जमलेल्या कुटुंबांपुढे एका वकिलांनी केलेले भाषण)



येत्या महिन्यात आपल्या गावचा वार्षिक कलामहोत्सव नगरपरिषदेच्या मैदानावर भरणार आहे. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांनी मला विचारले की, त्यात आपण भाग घ्यावा की घेऊ नये? एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "तिकडे गेलो की जुनी कामे पुन्हा गळ्यात पडतील." त्यांच्याच नातीने विचारले, "मला गाता येते, मग मी का गाऊ नये?" आजोबांचे भय खरे आहे आणि नातीचा प्रश्नही खरा आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर घाईने देता येत नाही.

माझ्या घरची हकिकत सांगतो. माझे चुलते डफडे फार उत्तम वाजवीत. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या उत्सवात मिरवणुकीच्या अग्रभागी वाजविण्यास त्यांना बोलावणे येई. मिरवणूक मैदानाच्या फाटकाशी पोचली की त्यांचे काम संपे. आत रंगमंचावर गायन चाले आणि वाजविणारे बाहेर धुळीत बसून राहत. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचे नाव कधी छापले गेले नाही. मोबदला म्हणून धान्य मिळे, तेही मागावे लागे. एके वर्षी त्यांनी डफडे खुंटीला टांगले ते कायमचे. आम्हां मुलांना त्याचा अभिमान वाटला व आजही वाटतो. परंतु त्यांच्यामागे तो ठेका आमच्या घरात कोणासही येत नाही, ही गोष्टही मी आपणांपासून लपवीत नाही. गुलामी टाकताना आमच्या हातून विद्याही टाकली गेली.

या दोहोंतील भेद बाबासाहेबांच्या चळवळीने फार पूर्वी ओळखला होता. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले असता बाबासाहेबांनी ते स्वीकारले नाही, असा प्रसंग सांगितला जातो. स्त्रीच्या अप्रतिष्ठेवर उभा राहिलेला पैसा त्यांना नको होता. परंतु म्हणून चळवळीने गाणे सोडले काय? मुळीच नाही. सत्यशोधकांच्या जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डक व त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी तीच राहिली, सवालजवाब तेच राहिले. पण देवादिकांच्या स्तवनाची जागा समतेच्या विचाराने घेतली आणि गौळणीतील थट्टेची जागा समाजाच्या प्रश्नांनी घेतली. पुढे प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंद महाविद्यालयात खुद्द बाबासाहेबांसमोर झाले. वामनदादा कर्डक २००४ साली निवर्तले, पण त्यांची गाणी आज वस्तीवस्तीत गायिली जातात. ज्या समाजाने एवढे निर्माण केले, त्याने रंगमंचाकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही.

आता कायद्याकडे वळू. गावकीच्या कामांचे जुने वतन १९५८ च्या कायद्याने नष्ट झाले. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे. म्हणून 'तुमच्या वाडवडिलांनी वाजविले, तुम्हीही वाजविले पाहिजे' असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. ही झाली नकाराची बाजू. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड हक्काची बाजू सांगतो. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी, तसेच सरकारी पैशाने राखलेल्या सार्वजनिक जागी, धर्म वा जात यांच्या कारणाने कोणाही नागरिकास अटकाव करता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून असा अटकाव करणे हा गुन्हा ठरविला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात सामाजिक व सांस्कृतिक मिरवणुकांत आणि जत्रेत भाग घेण्यास केलेला अडथळाही समाविष्ट आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण सुटते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा उल्लेख स्पष्टपणे झाला आहे.

एक शंका उरते. कार्यक्रमाच्या आरंभी पूजन होते, नारळ फुटतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या मुलीने तेथे काय करावे? तिने शांतपणे व अदबीने उभे राहावे. पूजा करू नये आणि करणाऱ्यांचा उपहासही करू नये. केरळमधील तीन शाळकरी मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. जेथे राष्ट्रगीत गाण्याचीही सक्ती झाली नाही, तेथे नारळ फोडण्याची सक्ती कोण करणार?

म्हणून माझी सूचना अशी. महोत्सव समितीकडे आताच लेखी अर्ज करा व त्याची पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी मागा : रंगमंचावर वेळ, कार्यक्रमपत्रिकेवर कलावंताचे नाव आणि इतर कलावंतांइतकेच मानधन. मिरवणुकीत वाजविण्याचे बोलावणे आले तर याच तीन अटी सांगा. त्या मान्य झाल्या तर आनंदाने वाजवा, नाही तर नम्रपणे नकार द्या. अन्याय झाल्यास प्रथम मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. त्यांनी दाद दिली नाही, किंवा जातीवरून उघड अटकाव झाला, तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. मैदानात हातघाई मात्र करू नका.

आणि आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळा. जे वाद्य आपल्या घरी टाकले गेले, ते आज शेजारच्या वस्तीतील एखादा मातंग बांधव वाजवीत असेल. त्याला कमी लेखू नका. त्याचेही नाव पत्रिकेवर छापले जावे म्हणून आपल्या अर्जात एक ओळ अधिक लिहा. फाटकाबाहेर कोणीतरी बसलेला असताना आपण आत जाऊन बसलो, तर आपण धम्म घेतला असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्या आजोबांना माझी विनंती आहे की, नातीला गाऊ द्यावे आणि आपण स्वतः पुढच्या रांगेत बसून ते ऐकावे. माझ्या चुलत्यांना ती रांग कधी लाभली नाही.

जय भीम.