दोन वेळचे ताट : वजन घटविताना पोषणाचा विचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वजन कमी करण्याच्या प्रश्नावर लातूर आणि नांदेडच्या घराघरांत गेल्या काही वर्षांत जेवढी चर्चा झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोठे झाली असेल. त्याला कारणही तसेच आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे वैद्यकाचे पदवीधर, आमदार, मंत्री आणि बहुश्रुत विद्वान. दिवसातून दोनच वेळा जेवावे, हा विचार ते आपल्या व्याख्यानांतून मांडीत असत. २ जून २००४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार प्रथम स्वतःवर आजमावला आणि नंतर गावोगावी व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून तो महाराष्ट्रभर नेला. २०१९ च्या आरंभी राज्य शासनाने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांची निवड केली, तेव्हा त्यावर बराच वादही झाला. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे मत नेमके उलट दिशेचे, म्हणजे थोडे थोडे पण वरचेवर खावे, असे आहे. त्यामुळे एकाच घरात सासूबाई दीक्षितांच्या आणि सूनबाई दिवेकरांच्या, असे चित्रही त्या काळात दिसू लागले होते.

दीक्षितांच्या पद्धतीचे सूत्र सोपे आहे. प्रत्येक वेळी काही खाल्ले की शरीरात इन्शुलिन स्रवते आणि इन्शुलिन चरबी साठविण्यास साहाय्य करते. म्हणून खाण्याच्या वेळा दोनच ठेवाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. मधल्या वेळी पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा एवढेच घ्यावे. हे ऐकून समाजातील वयोवृद्ध मंडळी गालातल्या गालात हसली असतील तर नवल नाही. बियासणे म्हणजे दिवसातून दोन वेळा, एका जागी बसून जेवणे. एकासणे त्याहून कठीण. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा चौविहार तर अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मात्र येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. बियासणे हे प्रत्याख्यान आहे. त्याचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, काट्यावरचा आकडा नव्हे. तपाला वजन घटविण्याचे साधन मानणे हे तपाशीही न्याय्य नाही आणि वैद्यकशास्त्राशीही नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मूळ व्याख्यानात दोन वेळांबरोबर ताटाचाही उल्लेख होता. जेवणाच्या आरंभी कच्च्या भाज्यांची कोशिंबीर, मग वाटीभर मोड आलेली कडधान्ये, आणि त्यानंतर पोळी-भाजी, वरण-भात, असा तो क्रम. परंतु व्याख्यानातली गोष्ट शेजारणीकडून शेजारणीकडे जाताना ताट मागे राहिले आणि ‘दोनदाच खायचे’ एवढेच पुढे गेले. त्यात जैन स्वयंपाकघराची मर्यादा निराळी. कोशिंबिरीतून गाजर, मुळा, बीट, कांदा हे कंदमूळ म्हणून गळतात. मोड आलेले धान्य अनंतकाय मानून पुष्कळ कुटुंबे वर्ज्य करतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजीही नसते. म्हणजे त्या क्रमातील पहिल्या दोन गोष्टी वगळल्या गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरे काहीच आले नाही. उरले काय, तर दोन पोळ्या, थोडी भाजी आणि डाळीचे दाणे शोधावे लागतील असे पातळ वरण.

अशा जेवणाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन पोळ्यांतून सुमारे सात ग्रॅम, भाजीतून दोन, पातळ वरणातून आणखी दोन ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वेळचे मिळून वीस-बावीस ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे गरजेच्या निम्मीही पोटात जात नाहीत. अशा वेळी काट्यावरचे वजन उतरते खरे, पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. साठीच्या पुढच्या माणसाला गेलेला स्नायू परत मिळविणे फार कठीण जाते. मांड्यांतील बळ गेले की तोल जातो, पडणे होते, आणि त्या वयात मोडलेले खुब्याचे हाड घराला किती महाग पडते, हे सर्वांना ठाऊक आहे.

उष्मांकांचेही तसेच. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची रोजची गरज सुमारे १,६६० किलोकॅलरी आणि ६५ किलोच्या पुरुषाची सुमारे २,११० किलोकॅलरी आहे, असे हीच संस्था सांगते. वजन जास्त असेल तर गरजही थोडी जास्त असते. त्यातून रोज चारशे-पाचशे कमी केले की वजन आठवड्याला साधारण अर्ध्या किलोच्या आसपास उतरते आणि तेवढा वेग पुरे. घाई करणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० किलोकॅलरींवर ठेवले. हे तरुण उपाशी नव्हते, रोज जेवत होते, आणि भरपूर चालतही होते. तरी त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. त्यांना सतत थंडी वाजे, नाडी मंदावली, कशातच मन लागेना, आणि दिवसभर अन्नाचेच विचार येत. काही जण पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. ते तरुण मुळात सडपातळ होते, लठ्ठ नव्हते, हे लक्षात ठेवावे. परंतु ‘रोज जेवतो म्हणजे पोषण होते’ हा समज त्या प्रयोगाने खोटा ठरविला.

याउलट प्राग येथील संशोधकांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. मधुमेह असलेल्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसात दोन मोठी जेवणे आणि दुसरे बारा आठवडे सहा लहान जेवणे देण्यात आली. दोन्ही काळांत एकूण उष्मांक सारखेच होते. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोने उतरले, सहा जेवणांच्या काळात २.३ किलोने. विशेष म्हणजे ती दोन जेवणे सकाळची आणि दुपारची होती, रात्रीचे नव्हते. रात्रिभोजन त्यागणाऱ्या समाजाला हे वाचून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि समाधानाच्या भरात एक गोष्ट निसटू नये. त्या रुग्णांचे उष्मांक मोजून कमी केलेले होते आणि ताट तज्ज्ञांनी आखलेले होते.

मग जैन मर्यादा सांभाळून ते ताट कसे आखावे? त्यासाठी परदेशी पावडरींचे डबे आणावे लागत नाहीत. लातूर ही तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ आहे. ज्वारी, मूग, हरभरा, करडई, जवस, तीळ, शेंगदाणा ही सारी मराठवाड्याच्या मातीतली पिके आहेत. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या, घरकाम करणाऱ्या एखाद्या गृहिणीचे उदाहरण घेऊ. ६० ग्रॅम तुरीची डाळ, १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ३० ग्रॅम मूग किंवा मटकी (मोड न आणता भिजवून शिजवलेली), ३०० मिलिलिटर दूध, २०० ग्रॅम दही, मूठभर म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे, १० ग्रॅम तीळ किंवा जवसाची चटणी, ३०० ग्रॅम दोडका, दुधी, भोपळा, काकडी, टोमॅटो अशा भाज्या आणि दिवसभरात तीन छोटे चमचे तेल. याची बेरीज सुमारे १,४०० किलोकॅलरी आणि जवळजवळ ६० ग्रॅम प्रथिने होते. दोन वेळांत हे सहज मावते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी दही आधी चांगले गरम करून त्याची कढी करावी. हिरवी भाजी नसलेल्या तिथीला डाळ आणि कडधान्य थोडे वाढवावे. पापड आणि तळलेल्या गट्ट्यांवर ती तिथी काढली तर मीठ आणि तेल वाढते, पोषण वाढत नाही.

या हिशेबात पोळी-भाकरी कमी नाही, भातही पूर्ण वर्ज्य नाही. कमी झाले आहे ते तेल, तूप, साखर आणि दुकानातल्या गल्ल्यावर बसून येताजाता तोंडात टाकलेले शेव-चिवडा-फरसाण. एका चमचाभर तेलातच चाळीस-पंचेचाळीस किलोकॅलरी असतात. लग्नसराईतील एका पंगतीचा हिशेब येथे न मांडलेलाच बरा.

ब-१२ जीवनसत्त्वाचा विषय मात्र थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्या यांत नसते. शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने दूध-दह्यातूनच मिळते आणि रोजची सुमारे दोन मायक्रोग्रॅमची गरज भागण्यास जवळजवळ अर्धा लिटर दूध-दही लागते. चरबीच्या भीतीने दूध बंद केले, की ते दारही बंद होते. त्यापेक्षा साय काढून दूध घ्यावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण ते औषध वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ चे शोषण घटते. तळपायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे वयामुळे आहेत असे समजून सोडून दिली जातात. रक्ताच्या साध्या तपासणीने उणीव कळते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी ती भरूनही निघते.

यापुढचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा मधुमेही जेव्हा एकाएकी दोन जेवणांवर येतो किंवा तप आरंभतो, तेव्हा औषध जुनेच आणि अन्न मात्र कमी, अशी स्थिती होते. रक्तातील साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी. चौविहार करणाऱ्या घरी हे मध्यरात्री घडले तर घरचे लोक व्रतभंगाच्या धाकाने थबकतात. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणातच ‘आगार’ म्हणजे अपवाद सांगितलेले आहेत आणि असह्य व्याधीच्या वेळी औषधोपचाराची मोकळीक त्यात येते. याविषयी साधू-साध्वीजींना आधीच विचारून ठेवावे. डॉक्टरांनाही व्रत सुरू करण्यापूर्वीच भेटून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात हे काम उरकले तर उत्तम. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, अठरा वर्षांखालील मुले-मुली, क्षयरोगी, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लहानपणापासून इन्शुलिनवर असलेले मधुमेही यांनी ऐकीव माहितीवर वेळा कमी करण्याच्या फंदात पडू नये. परीक्षांच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहणाऱ्या मुलींत बारीक होण्यासाठी डबा अर्धा परत पाठविण्याची सवय दिसते. त्यांच्या पालकांनी इकडे अवश्य लक्ष द्यावे.

शास्त्रात ऊणोदरी हे बाह्य तपांपैकी एक सांगितले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानून त्याहून काही घास कमी घ्यावेत, अशी त्याची मांडणी आहे. प्राचीनांनी आधी पूर्ण आहार किती ते ठरविले आणि मगच कमी किती ते सांगितले, हे लक्षणीय आहे. आज बहुतेकांना कमी किती करायचे ते ठाऊक असते, पूर्ण किती ते नसते.

वजन खरोखर कमी करण्याची गरज आहे का, हे आधी पाहावे. भारतीयांसाठी पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात. शिंप्याकडची टेप त्याला पुरते. दर महिन्याला घेर मोजून वहीत लिहावा. त्याच दिवशी खुर्चीवर बसून, हातांचा आधार न घेता, पाच वेळा उठून पाहावे. घेर उतरत आहे आणि उठणे पूर्वीसारखेच सोपे आहे, तर चरबी जात आहे. वजन उतरत आहे पण उठताना हात टेकावा लागू लागला, तर त्या दिवशीच्या वरणात डाळ किती होती ते पाहावे आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.