तितूरच्या पाण्याची रेघ



आपल्या चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिलेले छायाचित्रकार केकी मूस तुम्हाला मी सांगायला नकोत. टेबलावर मावतील एवढ्या वस्तू मांडायच्या, उजेड नेमका टाकायचा आणि फोटोत खराखुरा देखावा उभा करायचा, ही त्यांची ‘टेबलटॉप’ कला. आजचा विषय, ‘डिजिटल ट्विन’ म्हणजे शहराचं संगणकातलं जुळं भावंड, मी तिथूनच सुरू करतो. इथेही अख्खं गाव टेबलावरच मांडायचं आहे. मात्र फोटो एकदा निघाला की तसाच राहतो. जुळ्याचं तसं नाही. गावात नवी इमारत उठली, नाला बुजला, नदी चढली, की त्याची नोंद तिकडेही व्हायला हवी.

कल्पना आपल्याला परकी नाही. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासूनचं. नदीची, धरणाची लहान प्रतिकृती बांधायची, तीत पाणी सोडायचं आणि ते कुठे धडकतं ते पाहायचं, हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. सिंगापूरने 2014 पासून सगळ्या देशाची त्रिमित प्रतिकृती संगणकात करायला घेतली. मुंबईत जून 2020 मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीचा उतार आणि गटारं यांचा मेळ घालून कुठे पाणी तुंबेल, याचा अंदाज ती देते.

आता आपल्याकडे या. 31 ऑगस्ट 2021. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, डोंगरातून लोंढे आले. तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या गावात शिरल्या. दुकानं बुडाली, दावणीची जनावरं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची एक रेघ राहिली.

माझं आजचं सगळं सांगणं त्या रेघेबद्दल आहे.

समजा, उद्या चाळीसगावचं असं जुळं तयार झालं. त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा? त्यात 2021चा तो पाऊस पाडून बघायचा. पडद्यावरचं पाणी तुमच्या भिंतीवरच्या रेघेपर्यंत चढलं, तर जुळं खरं. हातभर खाली राहिलं, तर काहीतरी सुटलंय. पुलाच्या गाळ्यात झाडंझुडपं अडकली असतील, नाहीतर कागदावरची मोरी प्रत्यक्षात बुजलेली असेल. चूक सापडली, दुरुस्त केली, मगच पुढचे प्रश्न विचारायचे: पूल किती उंच हवा? कुठली जागा मोकळी ठेवायची? रात्री दोन वाजता कुठल्या गल्लीला आधी उठवायचं?

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. नदीकाठच्या झोपड्या मोजणीतून वगळू नका. ज्याचं घर नकाशात नाही, त्याच्या घरात शिरलेलं पाणीही पडद्यावर दिसणार नाही, आणि सगळ्यात आधी बुडतो तोच.

यंत्रं येतील, ड्रोन येतील, उंच-सखल जमीन मोजून देतील. पाणी कुठवर आलं होतं, हे मात्र तुम्हालाच ठाऊक आहे. ही रेघ दर दिवाळीच्या रंगाखाली एकेक घरातून नाहीशी होते आहे. म्हणून शाळा-कॉलेजच्या मुलांनी टेप घेऊन घरोघर जावं. ओट्यापासून रेघ किती उंच, पाणी किती वाजता चढलं, कुठल्या बाजूने आलं, एवढं वहीत लिहावं आणि ती वही नगरपरिषदेत द्यावी. आपल्या गावाच्या जुळ्याचं पहिलं पान त्या वहीत लिहिलं जाईल.