गुडघा दुखतोय की सटकतोय? नी-कॅप घेण्याआधी एवढं ऐका

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बॅगेत पडलेला असणार. काळी, ताणली जाणारी, धुतली नाही की वास मारणारी नी-कॅप. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, कबड्डीवाले, व्हॉलीबॉलवाले, जिममध्ये स्क्वॉट मारणारे, सगळ्यांचा एकच प्रश्न येतो: "दादा, कोणती घेऊ?"

सांगतो. पण आधी माझी एक चूक ऐका.

मी कबड्डी खेळायचो, चढाईला जायचो. एका स्पर्धेत मॅटवर पाय रोवलेला, मागून घोटा पकडला गेला आणि मी वळलो. गुडघ्यात कट्ट असा आवाज आला. तासा-दोन तासांत गुडघा नारळासारखा सुजला. चार दिवसांनी सूज उतरली, मी मेडिकलमधून नी-कॅप आणली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात. दुखणं कमी होतं, म्हणून म्हटलं, झालं बरं! पण वळलो की गुडघा मध्येच सटकायचा. दोन महिने तसाच खेळलो. शेवटी एमआरआय काढला तर एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा मुख्य लिगामेंट, तुटलेला. वर आतली गादीही फाटलेली. डॉक्टर म्हणाले, गुडघा असा वारंवार सटकला की गादी चिरडली जाते.

नी-कॅपने मला फसवलं नाही हं. मीच तिच्याकडून नको ते काम मागितलं.

म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझा गुडघा दुखतोय, की सटकतोय?

आधी दुखण्याचं बघू. समजा तू भरतीसाठी 1600 मीटर मारतोयस, किंवा तू 800 ची तयारी करतेयस. हळूहळू वाटीच्या भोवती दुखायला लागलं. जिना उतरताना जास्त, बराच वेळ मांडी घालून बसलं की जास्त. पडझड नाही, सूज नाही. इथे साधी कापडी किंवा निओप्रीनची नी-कॅप चालते. ती गुडघा उबदार ठेवते, थोडा दाब देते, त्यामुळे पाय टाकताना भरवसा वाटतो. पण ती गुडघ्याला वळण्यापासून धरून ठेवत नाही. आणि मूळ कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. जाहिरात निघाली म्हणून अचानक रोजचं पळणं दुप्पट केलेलं असतं, डांबरी रस्त्यावर झिजलेले बूट घालून. पळणं थोडं कमी करा, मग हळूहळू वाढवा. मांडीचे आणि कमरेखालचे स्नायू मजबूत करा. खरा आधार तोच.

दुसरा प्रकार, उड्या मारणाऱ्यांचा. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, लांब उडी. वाटीच्या बरोबर खाली एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं. यासाठी वाटीखाली बांधायचा अरुंद पट्टा मिळतो. तो बांधल्यावर काही जणांना खेळताना आराम पडतो. सगळ्यांना नाही. आराम पडला नाही तर आणखी आवळू नका, काढून ठेवा.

आता सटकण्याचं. बाहेरून धक्का बसला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय, किंवा गुडघा डगमगतोय, तर दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बिजागरी असलेला ब्रेस लागू शकतो. हा ब्रेस ऑनलाइन रिव्ह्यू वाचून घ्यायची वस्तू नाही. कोणता, किती अंशांपर्यंत वाकू द्यायचा, किती आठवडे, हे हाडांचे डॉक्टर किंवा फिजिओ ठरवतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा. इजा होताना आवाज आला, काही तासांतच सूज आली, चार पावलंही टाकता येत नाहीत, गुडघा अडकून सरळच होत नाही, किंवा सटकतोय, यातलं एक जरी असेल तर आधी डॉक्टर. मालिश नको, ओढून "बसवणं" नको, पहिले दोन दिवस शेकही नको. कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं ठेवा, पाय उंचावर ठेवा.

आता मापाचं. "फ्री साइज" दिसलं की पुढे जा. घरातली शिवणाची टेप घ्या आणि गुडघ्याचा घेर मोजा. कुठे मोजायचा, वाटीवर की मांडीवर थोडं वर, ते कंपनीच्या तक्त्यात असतं. दोन मापांच्या मध्ये आलात तर दोन्ही घालून बघा. घातल्यावर काठाखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. पायाला मुंग्या आल्या, बोटं थंड किंवा निळसर पडली, तर ती घट्ट आहे, लगेच काढा. उठाबशा काढा, थोडं पळून बघा; घसरत असेल तर सैल आहे. खेळ संपला की काढायची, घालून झोपायचं नाही. आणि हो, धुवा रे बाबांनो! घामाने कातडीला पुरळ येतं.

माझं पुढे काय झालं? ऑपरेशन झालं, कित्येक महिने व्यायाम केला, चालायला-पळायला लागलो. चढाई मात्र सुटली ती सुटलीच. पहिल्या आठवड्यात दाखवलं असतं तर गादी कदाचित वाचली असती, हा विचार अजूनही येतो.

म्हणून सांगतो, तुमच्या संघात कुणी सुजलेल्या गुडघ्यावर नी-कॅप चढवून "चालतंय की" म्हणत असेल, तर हा भाग त्याला आजच पाठवा. सामना पुढच्या वर्षीही होईल.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत खेळत राहा, गुडघे जपा!