दुखणेकऱ्याचे ताट
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, अनसिंग येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य व आहार या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन हाती खडू धरला, तो सेवानिवृत्तीच्या दिवशीच खाली ठेवला. परंतु क्षयरोगाची औषधे सहा महिने घेऊन बरा झालेला मनुष्य, या नात्याने बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे. या रोगाचे नाव आपल्या समाजात कोणी मोठ्याने घेत नाही. 'छातीचे दुखणे', 'जरा अशक्तपणा', 'उष्णता झाली' असे म्हणून वेळ मारून नेतात. आम्ही आज ते नाव घेणार आहोत.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने या रोगाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास याच रोगाने गेल्या. अमेरिकेत शिकून १८८६ साली डॉक्टर झालेली ही मुलगी मृत्युसमयी बावीस वर्षांचीही नव्हती. परदेशची थंडी आणि आपल्या अन्नाची आबाळ तिने सोसली. जंतू ठाऊक झाला होता, औषध मात्र जगात कोठेच नव्हते. तिच्या विद्येचा तिच्याच देहास उपयोग होऊ शकला नाही. आज औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि तरीही माणसे लपूनछपून खोकत बसतात, यास काय म्हणावे?

आमच्या बाबतीत खोकला तीन आठवडे हटेना आणि सायंकाळी कणकण येऊ लागली, तेव्हा बेडका तपासला व रोग निश्चित झाला. साखरही तपासली, मधुमेह असेल तर हा रोग अधिक बळावतो, म्हणून ती तपासणी करतातच. मग पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे, असा क्रम लागला. गोळ्यांनी लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, हे आधी कळले नाही तर मनुष्य घाबरून गोळ्या सोडतो. तोंडाची चव गेली, सकाळी मळमळ होई. दोन महिन्यांत ताप गेला, अन्न गोड लागू लागले. आणि हीच वेळ फसवी असते. बरे वाटते म्हणून पुष्कळजण येथेच थांबतात. उरलेले जंतू मग त्या औषधांना दाद देईनासे होतात, आणि पुढचा उपचार फार कठीण होऊन बसतो.

आता ताटाकडे वळू. आपल्याकडे दुखणेकऱ्यास भेटावयास येणारा प्रत्येक मनुष्य जाताना एक पथ्य ठेवून जातो. एकाने सांगितले, तुरीचे वरण बंद करा, पित्त होते. दुसऱ्याने वांगे वर्ज्य केले, तिसऱ्याने दही-ताक, चौथ्याने शेंगदाणे. एका दूरच्या आप्ताने तर गोळ्या सोडून केवळ एका पाल्याच्या रसावर राहण्याचा उपदेश केला. ही सारी पथ्ये पाळली असती तर आमच्या ताटात चहा आणि टोस्ट एवढेच उरले असते! आम्ही डॉक्टरांस विचारले. त्यांनी दारू व तंबाखू यांस मनाई केली आणि घरचे सर्व अन्न पोटभर खा, असे सांगितले.

औषध थोर की आहार थोर, या वादाचा निकाल प्रयोगांनी लागलेला आहे. पूर्वी क्षयाचा रोगी म्हटला की मिरज किंवा पाचगणी येथील आरोग्यधामात हवा, विश्रांती व दूध-अंडी यांवर ठेवीत. १९५६ साली मद्रास येथे एक अभ्यास सुरू झाला. गरीब वस्तीतील काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच राहू दिले. औषधे दोघांस सारखीच दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी निकृष्ट अन्न खाऊनही रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते. अर्थात रोग मारते ते औषधच.

मग अन्नाचे काय? त्याचे उत्तर झारखंडमधून २०२३ साली आले. तेथे रोग्यांना औषधांबरोबर शिधा दिला, आणि निम्म्या गटांत घरातील प्रत्येक प्रौढ माणसासही दरमहा पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली. सुमारे दहा हजार घरच्या माणसांवर लक्ष ठेवले. ज्यांच्या घरी शिधा पोचला, त्या माणसांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. आणि ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. दीड किलो डाळीचे हे मोल आहे. आपण तूर पिकविणारी माणसे. वरण पातळ करून त्यात पाणी किती घालतो, हे आपल्या गृहिणींस ठाऊकच आहे.

आमचे खाणे सांगतो. पहाटे गोळ्या, पुढे तासाभराने ज्वारीच्या कण्या दुधात. दुपारी भाकर, घट्ट वरण, अंबाडी किंवा चिवळ किंवा घोळ यांपैकी जी भाजी मिळेल ती, आणि जवसाची चटणी. सायंकाळी हरभऱ्याच्या घुगऱ्या किंवा मूठभर शेंगदाणे व गूळ. तुरीच्या डाळीचे फुणके आठवड्यातून एकदा. ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांनी ते जरूर घ्यावे. डबाबंद पावडरींवर आम्ही एक रुपयाही खर्च केला नाही. औषध सुरू झाले तेव्हा वजन ४६ किलो होते. सहा महिन्यांनी ते ५३ भरले.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनने शेते भरलेली असतात, आणि डाळींहून अधिक प्रथिने असलेला तो दाणा शेतकऱ्याच्या चुलीवर मात्र क्वचितच चढतो. तो कच्चा खाऊ नये. परंतु भिजवून, नीट शिजवून किंवा भाजून गव्हात थोडा दळून खावयास काय हरकत आहे? ज्वारीही पेऱ्यातून गेली तशी ताटातून गेली.

आता सर्वांत अवघड भाग. हा रोग ताटवाटीतून पसरत नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. आणि औषध नियमित सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत तो दुसऱ्यास देण्याची शक्ती बहुधा ओसरते. तरीही सुनेचे ताट वेगळे होते, तिचा पेला खिडकीत ठेवतात. आमचे ताट आमच्या पत्नीने एक दिवसही वेगळे केले नाही. तोंडावर रुमाल आणि उघड्या खिडक्या, एवढीच व्यवस्था होती. घरच्यांची तपासणी झाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्याही झाल्या.

परंतु आम्ही म्हातारे. आमचे लग्न व्हावयाचे नाही. उपवर मुलीस हा रोग झाला तर आईबाप गोळ्यांची पाकिटे धान्याच्या कोठीत लपवितात, पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी गोळी चुकवितात, दवाखान्यात परगावी नेतात. हे कोणाच्या भीतीने? सरकारच्या नव्हे. आपल्याच वधूवर मेळाव्याच्या, आपल्याच पानसुपारीच्या भीतीने. पूर्ण औषध घेऊन बऱ्या झालेल्या मुलीस नाकारण्यास कोणतेही वैद्यकीय कारण नाही, हे या मंडळाने आपल्या परिचय-पुस्तिकेत स्पष्ट छापावे, अशी आमची मागणी आहे. त्यावर चर्चा होईल, काही मंडळी रागावतील, रागावू द्या.

दुसरी सूचना सोपी आहे. सरकार एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्यास आहारासाठी दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. त्यास जोड म्हणून सप्टेंबर २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही योजना आहे. कोणतीही व्यक्ती वा संस्था रोग्यास, त्याच्या संमतीने, दरमहा शिधा देऊ शकते. तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि किलोभर दूध भुकटी किंवा शेंगदाणे, असे त्याचे साधारण प्रमाण आहे. एका स्नेहभोजनात आपण जेवढे श्रीखंड वाया घालवितो, तेवढ्या खर्चात काही रोग्यांचे सहा महिने निघतील. आणि शिधा देताना जात विचारू नये. जंतू ती विचारीत नाही.

चिटणीसांकडे आम्ही आमचे नाव लिहून दिले आहे. पहिल्या दोन रोग्यांची सहा महिन्यांची तूरडाळ आमच्या शेतातून येईल. ज्वारी आणि शेंगदाण्याचे कोणी बोलावे.